हजारे, विजय सॅम्युएल
(११ मार्च १९१५–१८ डिसेंबर २००४). भारताचे अग्रगण्य क्रिकेटपटू, कसोटी संघाचे कर्णधार व अनेक उच्चांकांचे मानकरी. भारताने आपला पहिला कसोटी विजय त्यांच्या नेतृत्वाखाली संपादन केला (मद्रास, १९५२). एकाच कसोटी सामन्याच्या दोन्ही डावांत शतक झळकविणारे आणि प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये त्रिशतक काढणारे ते पहिले भारतीय फलंदाज होत. मात्र त्यांचे थोर पराक्रम बहुतेक वेळा स्वतःच्या संघाच्या पराभवातच घडले. हजारे यांच्या कारकीर्दीचा विचार करताना ही विसंगती बाजूला ठेवता येत नाही.

त्यांचा जन्म सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शाळाशिक्षक होते व भावंडे बरीच होती. घरात संपन्नता नव्हती. त्या काळातील क्रिकेट हा एकीकडे संस्थानिकांचा व दुसरीकडे मुंबईतील जिमखान्यांचा खेळ मानला जाई. दक्षिण महाराष्ट्रातील एका शिक्षकाच्या मुलास त्यात पुढे यावयाचे तर कोणातरी राजाश्रयाची गरज असे. हजारे यांना असा आश्रय प्रथम सांगलीच्या परिसरातील संस्थानांत व पुढे बडोद्यास लाभला. जतच्या राजांनी ऑस्ट्रेलियाचे विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांस मार्गदर्शक म्हणून आणविले होते. त्यांच्या हाताखाली हजारे यांना शिकावयास मिळाले. हजारे यांची उभे राहण्याची ढब चमत्कारिक होती. बॅट दोन्ही पॅडच्या मध्ये धरून व मुठीवरील हातांत अंतर ठेवून ते चेंडूची वाट पाहत. ग्रंथोक्त पद्धतीने पाहता ही ढब सदोष होती. ग्रिमेट यांनी ती बदलण्याचा आग्रह धरला नाही. गोलंदाजीतील खाचाखोचा शिकवाव्या, परंतु फलंदाजाची नैसर्गिक ढब मोडू नये, हे त्यांचे धोरण फार शहाणपणाचे ठरले. पुष्कळ होतकरू खेळाडू सुधारणेच्या नावाखाली बिघडविले जातात. हजारे यातून वाचले.

ब्रिटिशांनी या देशात आणलेल्या खेळांपैकी क्रिकेटच येथे का रुजला, याविषयी येथे थोडे विषयांतर करणे आवश्यक आहे. रग्बी हा खेळही इंग्रजांबरोबरच आला होता. कलकत्त्यात १८७० नंतर लौकरच त्याचा क्लब निघाला व १८७८ मध्ये तो बंद पडला. सभासदांनी शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडविला आणि तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेकडे पाठविला. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यातील वार्षिक लढतीचे पारितोषिक म्हणून तोच ‘कलकत्ता कप’ प्रसिद्ध आहे. म्हणजे चषक जगभर गाजला, परंतु ज्या भूमीतील रुपयांचा तो बनला तेथे खेळ मात्र लष्करी छावण्या व मुंबई जिमखान्यासारख्या मोजक्या संस्था यांपुरता राहिला. धरपकड, झुंज व दमसास यांची हौस येथील ग्रामीण जनता हुतुतूमध्ये आधीच भागवीत होती. कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यातील पेण-रोहे भागात, जिते यांसारख्या गावी, शेताच्या मोकळ्या तुकड्यावर रंगणाऱ्या हुतुतूस ना चेंडू लागे ना जिमखाना. क्रिकेटची गोष्ट वेगळी होती. त्यात व्यक्तीचा पराक्रम आकड्यांनी मोजून वेगळा काढता येतो. रग्बीत वा हुतुतूत संघ हरला तर एकट्या खेळाडूची कामगिरी सहसा विसरली जाते. क्रिकेटमध्ये मात्र हरलेल्या संघातील फलंदाजाचे शतक धावफलकावर कायमचे राहते. हजारे यांचे नाव आज उच्चारले जाते ते या वैशिष्ट्यामुळे.

हजारे यांनी महाराष्ट्राच्या संघाकडून १९३४–३५ च्या हंगामात प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये प्रवेश केला. त्या संघाचे नेतृत्व प्रा. दि. ब. देवधर यांच्याकडे होते. १९३९–४० च्या रणजी स्पर्धेत पुण्यास बडोद्याविरुद्ध हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. कोणाही भारतीय फलंदाजाचे हे पहिलेच त्रिशतक असून त्यांची ती आयुष्यातील सर्वोच्च धावसंख्याही ठरली. त्या वर्षी महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. पुढे ज्या बडोद्याविरुद्ध हे त्रिशतक निघाले, त्याच बडोद्याच्या संघात ते १९४१–४२ पासून दाखल झाले. महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या संस्थानात त्यांना लष्करी सेवेत नोकरी मिळाली. गायकवाडांच्या कारभारामुळे बडोद्यात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती होती. सांगलीहून गेलेल्या या खेळाडूला ते शहर परके वाटण्याचे कारण नव्हते. उर्वरित आयुष्य त्यांनी तेथेच काढले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतास एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतरचा पुढील कसोटी सामना थेट १९४६ मध्ये झाला. याचा अर्थ असा, की हजारे यांच्या वयाची एकविसाव्यापासून एकतिसाव्यापर्यंतची वर्षे, म्हणजे फलंदाजाच्या आयुष्यातील ऐन उमेदीचा काळ, आंतरराष्ट्रीय क्रिकेटच्या दृष्टीने फुकट गेली. कसोटीतील त्यांच्या धावसंख्येची नंतरच्या खेळाडूंशी तुलना करताना ही गोष्ट ध्यानात घेतली जात नाही. मात्र देशांतर्गत क्रिकेट या काळात थांबले नव्हते. उलट ते भरात होते. हजारे आणि विजय मर्चंट यांच्यातील स्पर्धा याच काळात रंगली.

त्या स्पर्धेचे रंगस्थळ मुंबईची पंचरंगी (पेंटँग्युलर) स्पर्धा हे होते. यूरोपीय, हिंदू, मुसलमान व पारशी या संघांत १९३७ मध्ये ‘रेस्ट’ म्हणजे उरलेल्यांचा पाचवा संघ दाखल झाला. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन व अन्य अल्पसंख्य समाजातील खेळाडूंचा तो संघ होता. हजारे यांचा समावेश त्यातच होणे अपरिहार्य होते. धर्मवार संघांच्या या स्पर्धेवर राष्ट्रीय नेत्यांनी कडक टीका केली होती. ती योग्यच होती आणि १९४६ नंतर ही स्पर्धा पुन्हा भरली नाही. परंतु तिच्यातील एक अन्याय फारसा कोणी बोलून दाखवत नसे : उरलेल्यांच्या संघात दर्जेदार खेळाडू थोडे असल्यामुळे त्यातील श्रेष्ठ खेळाडूस नेहमीच एकहाती लढावे लागे.

१९४३ च्या स्पर्धेत हे उघडपणे दिसले. स्पर्धेतील वैयक्तिक उच्चांक त्यापूर्वी मर्चंट यांच्या नाबाद २४३ धावांचा होता. हजारे यांनी मुसलमान संघाविरुद्ध २४८ धावा काढून तो मोडला. डिसेंबरमध्ये ब्रेबर्न स्टेडियमवर हिंदू व रेस्ट यांच्यात अंतिम सामना झाला. मर्चंट यांनी नाबाद २५० धावा करून उच्चांक परत घेतला व हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला. रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. त्यांपैकी ५९ धावा हजारे यांच्या होत्या. फॉलो ऑन मिळाल्यावर दुसऱ्या डावातही पडझड झाली व निम्मा संघ बाद झाला. सहाव्या गड्यासाठी हजारे यांच्या जोडीस त्यांचे धाकटे बंधू विवेक आले. या दोघांनी ३०० धावांची भागीदारी केली. तीत विवेक यांचा वाटा अवघ्या २१ धावांचा होता. एका बाजूने धाकटा भाऊ नुसता तग धरून राहिला आणि दुसऱ्या बाजूने थोरल्याने जवळजवळ सर्व धावा केल्या. अखेर डाव ३८७ धावांवर संपला तेव्हा हजारे यांच्या नावावर ३०९ धावा होत्या, म्हणजे संघाच्या एकूण धावांच्या सुमारे ८० टक्के. तरीही रेस्टचा संघ एक डाव व ६१ धावांनी पराभूत झाला.

क्रिकेटच्या इतिहासात इतक्या मोठ्या वैयक्तिक धावसंख्येनंतर डावाने हार पत्करावी लागल्याची उदाहरणे दुर्मिळ आहेत. विवेक हजारे यांच्या २१ धावांचा उल्लेख सहसा गमतीने केला जातो. तो गैर आहे. मोठ्या भावाला साथ देण्यासाठी स्वतःची फलंदाजी बाजूला ठेवून तासन् तास केवळ यष्टी राखणे ही त्या भागीदारीतील अवघड बाजू होती. मर्चंट यांनी लगेच उत्तर दिले. त्याच हंगामात त्यांनी मुंबईतर्फे महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा केल्या. हजारे यांनी मात्र त्या हंगामात १,४२३ धावा जमविल्या. भारतातील एका हंगामात हजार धावांचा टप्पा गाठणारे ते पहिलेच फलंदाज होते.

या काळातील त्यांचा आणखी एक उच्चांक दीर्घकाळ अबाधित राहिला. मार्च १९४७ मध्ये बडोद्यास रणजी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कर्नल सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखालील होळकर संघाशी बडोद्याची गाठ पडली. होळकरांचा पहिला डाव २०२ धावांत संपला. बडोद्याचे ३ गडी ९१ धावांत बाद झाले असता हजारे व डावखुरे फलंदाज गुल महमद एकत्र आले. चौथ्या गड्यासाठी त्यांनी ५७७ धावांची भर घातली. गुल महमद यांनी ३१९ व हजारे यांनी २८८ धावा केल्या. वेस्ट इंडीजच्या फ्रँक वॉरेल व क्लाइड वॉल्कॉट यांनी १९४६ मध्ये उभारलेली ५७४ धावांची नाबाद भागीदारी यामुळे तीन धावांनी मागे पडली. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील कोणत्याही गड्यासाठीची ती सर्वांत मोठी भागीदारी ठरली. बडोद्याने ७८४ धावा केल्या व एक डाव आणि ४०९ धावांनी करंडक जिंकला. २००६ मध्ये श्रीलंकेच्या कुमार संगकारा व महेला जयवर्धने यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिसऱ्या गड्यासाठी ६२४ धावा काढून हा उच्चांक मागे टाकला. चौथ्या गड्यासाठी मात्र तो कायम आहे. या सामन्यानंतर पाच महिन्यांनी देशाची फाळणी झाली. गुल महमद काही वर्षांनी पाकिस्तानात स्थायिक झाले व १९५६ मध्ये कराची येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाकिस्तानतर्फे एक कसोटी सामनाही खेळले. एकाच धावफलकावर लिहिलेली ही दोन नावे पुढे दोन देशांच्या इतिहासात विभागली गेली.

हजारे यांचे कसोटी पदार्पण २२ जून १९४६ रोजी लॉर्ड्सवर इंग्लंडविरुद्ध झाले. त्या दौऱ्यात कसोटींतील तीन सामन्यांत त्यांनी १२३ धावा केल्या. यॉर्कशर संघाविरुद्ध शेफील्ड येथे मात्र त्यांनी नाबाद २४४ धावा काढल्या. त्यांच्या आंतरराष्ट्रीय कीर्तीचा पाया घातला गेला तो १९४७–४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात. स्वतंत्र भारताचा हा पहिलाच परदेश दौरा होता. मर्चंट व रुसी मोदी त्यात नव्हते, कर्णधारपद लाला अमरनाथ यांच्याकडे होते व हजारे उपकर्णधार होते. समोर डॉन ब्रॅडमन यांचा बलाढ्य संघ व रे लिंडवॉल, कीथ मिलर यांची गोलंदाजी होती.

चौथा कसोटी सामना जानेवारी १९४८ मध्ये ॲडिलेडला झाला. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केल्या. त्यांत ब्रॅडमन यांच्या २०१ धावा होत्या आणि त्यांचा त्रिफळा हजारे यांनीच उडविला. भारताच्या पहिल्या डावात हजारे यांनी ११६ व दत्तू फडकर यांनी १२३ धावा केल्या. दोघांची भागीदारी १८८ धावांची होती. तरीही भारताचा डाव ३८१ धावांत संपला व फॉलो ऑन मिळाला. दुसऱ्या डावाच्या प्रारंभीच मांकड व अमरनाथ शून्यावर बाद झाले आणि हजारे यांना पुन्हा मैदानात उतरावे लागले. लिंडवॉल यांनी त्या डावात ३८ धावांत ७ गडी बाद केले व भारताचे सहा फलंदाज शून्यावर परतले. अशा पडझडीत हजारे यांनी १४५ धावा केल्या. हेमू अधिकारी यांनी ५१ धावांची साथ दिली. संघाच्या एकूण धावा २७७ झाल्या. भारत एक डाव व १६ धावांनी हरला.

कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे हजारे हे पहिले भारतीय ठरले. त्यांच्यानंतर असा पराक्रम दुसऱ्या भारतीयाकडून व्हावयास तेवीस वर्षे लागली. १९७१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे सुनील गावसकर यांनी तो केला. दोन्ही शतकांतील धावांपेक्षा त्यांची परिस्थिती अधिक महत्त्वाची आहे. एकदा तासन् तास फलंदाजी करून परतल्यावर थोड्याच अवधीत, एकही धाव झालेली नसताना दोन गडी बाद झालेल्या अवस्थेत, पुन्हा नव्या चेंडूस सामोरे जाणे यास केवळ तंत्र पुरत नाही. त्या मालिकेत हजारे यांनी ४२९ धावा केल्या. मालिका भारताने ०–४ अशी गमावली.

पुढील वर्षी वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच भारतात आला. हजारे यांनी मुंबईच्या दुसऱ्या कसोटीत नाबाद १३४ धावा काढून पराभव टाळला. त्यांच्या जोडीस रुसी मोदी यांचे शतक होते. याच मैदानावर फेब्रुवारी १९४९ मध्ये पाचवा सामना झाला. अखेरच्या डावात विजयासाठी ३६१ धावा हव्या होत्या. हजारे यांनी १२२ व मोदी यांनी ८६ धावा केल्या. पुढे फडकर यांनी किल्ला लढविला. वेळ संपली तेव्हा भारताच्या ८ बाद ३५५ धावा झाल्या होत्या व विजय अवघ्या सहा धावांनी हुकला. शेवटच्या षटकातील एक चेंडू टाकावयाचा राहिला असतानाच पंचांनी मोजण्यातील चुकीने खेळ थांबविला, ही हळहळ जुन्या मुंबईकर रसिकांच्या बोलण्यातून अनेक वर्षे गेली नाही. पहिल्या कसोटी विजयासाठी भारतास आणखी तीन वर्षे थांबावे लागले. या मालिकेत हजारे यांनी ५४३ धावा केल्या.

१९५१–५२ मध्ये इंग्लंडचा संघ आला असता हजारे यांची कर्णधार म्हणून नेमणूक झाली. दिल्लीच्या पहिल्या कसोटीत त्यांनी नाबाद १६४ धावा केल्या. कसोटीतील त्यांची ही सर्वोच्च धावसंख्या होय. मर्चंट यांनी १५४ धावा केल्या व तिसऱ्या गड्यासाठी दोघांनी २११ धावांची भर घातली. मर्चंट यांचा हा अखेरचा कसोटी सामना होता. पूर्वीचे प्रतिस्पर्धी असे एकाच बाजूने खेळले, हे पाहणाऱ्यांचे भाग्य खरे. परंतु या सामन्याविषयी हजारे यांच्यावर झालेली टीकाही नोंदविली पाहिजे. इंग्लंडचा पहिला डाव २०३ धावांत संपला होता. भारताने ६ बाद ४१८ धावांवर डाव घोषित केला, पण त्या धावा अतिशय संथ गतीने झाल्या. इंग्लंडने दुसऱ्या डावात ६ बाद ३६८ धावा करून सामना वाचविला. धावा थोड्या वेगाने झाल्या असत्या तर विजय तेथेच मिळाला असता, असे अनेकांचे मत होते. ते निराधार म्हणता येत नाही. हजारे यांच्या स्वभावात सावधपणा फार होता. पराभव टाळण्याची ज्याला वर्षानुवर्षे सवय झाली, त्यास विजयाची संधी दिसली तरी तिच्यावर झडप घालणे जमतेच असे नाही.

मुंबईच्या दुसऱ्या सामन्यात त्यांनी १५५ धावा केल्या. फ्रेड रिजवे यांचा उसळता चेंडू मारण्याच्या प्रयत्नात त्यांच्या कपाळावर आघात झाला. १९४९ च्या मुंबई कसोटीपासून धरता सलग तीन कसोटींत शतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. कानपूरचा चौथा सामना इंग्लंडने जिंकला आणि मालिका वाचवावयाची तर मद्रासचा अखेरचा सामना जिंकणे भाग झाले.

६ फेब्रुवारी १९५२ रोजी चेपॉक मैदानावर हा सामना सुरू झाला. त्याच दिवशी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांचे निधन झाले. त्यामुळे विश्रांतीचा दिवस अलीकडे आणून दुसऱ्या दिवशी खेळ बंद ठेवण्यात आला. आजारी नायजेल हॉवर्ड यांच्याऐवजी डोनाल्ड कार यांनी इंग्लंडचे नेतृत्व केले. विनू मांकड यांनी ५५ धावांत ८ गडी बाद करून इंग्लंडचा डाव २६६ धावांत गुंडाळला. भारतातर्फे पंकज रॉय यांनी १११ व पॉली उम्रीगर यांनी नाबाद १३० धावा केल्या. ९ बाद ४५७ धावांवर हजारे यांनी डाव घोषित केला. दुसऱ्या डावात इंग्लंडला १८३ धावाच करता आल्या. मांकड यांनी आणखी चार गडी टिपले. भारताने एक डाव व आठ धावांनी सामना जिंकला. १९३२ मध्ये पहिला कसोटी सामना खेळलेल्या भारताचा हा पंचविसावा सामना व पहिला विजय होता. मालिका १–१ अशी बरोबरीत राहिली. या विजयात हजारे यांच्या बॅटचा वाटा नगण्य होता. ज्या फलंदाजाने एकट्याने अनेक डाव सांभाळले, त्याच्या नेतृत्वाखालील एकमेव विजय इतरांनी मिळवून दिला.

लगेच त्याच वर्षी उन्हाळ्यात संघ इंग्लंडला गेला. हा दौरा भारतीय क्रिकेटमधील अत्यंत क्लेशदायक प्रकरणांपैकी एक आहे. मांकड हे इंग्लंडमधील लीगच्या करारात होते व मंडळाने त्यांना निवडीची हमी न दिल्याने ते सुरुवातीस संघात नव्हते. लीड्सच्या पहिल्या कसोटीत भारताचे ३ गडी ४२ धावांत बाद झाले असता हजारे (८९) व वीस वर्षांचे विजय मांजरेकर (१३३) यांनी चौथ्या गड्यासाठी २२२ धावा केल्या. एवढी भागीदारी होऊनही डाव २९३ धावांत संपला. ७ जून रोजी दुसरा डाव सुरू झाला आणि पहिल्याच कसोटीत खेळणारे फ्रेड ट्रूमन यांनी पंकज रॉय, माधव मंत्री व मांजरेकर यांना, तर ॲलेक बेडसर यांनी दत्ताजीराव गायकवाड यांना शून्यावर बाद केले. धावफलकावर ‘० बाद ४’ नव्हे, तर ‘४ बाद ०’ असे लिहिले गेले. कसोटी क्रिकेटमध्ये याहून वाईट प्रारंभ कधी झालेला नाही. हजारे यांनी स्वतःला खालच्या क्रमांकावर ठेवले होते. ते मैदानात उतरले तेव्हा ट्रूमन यांच्यासमोर सलग तीन बळींची संधी होती. ती त्यांनी हुकविली. २६ धावांवर उम्रीगरही बाद झाल्यावर हजारे (५६) व फडकर (६४) यांनी सहाव्या गड्यासाठी १०५ धावा जोडल्या. सामना सात गड्यांनी गेला.

लॉर्ड्सला मांकड संघात आले व त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या. हजारे यांच्या धावा नाबाद ६९ व ४९ होत्या. मँचेस्टरला भारताचे दोन्ही डाव एकाच दिवशी ५८ व ८२ धावांत आटोपले. ट्रूमन यांनी पहिल्या डावात ३१ धावांत ८ बळी घेतले. हजारे यांनी दोन्ही डावांत प्रत्येकी १६ धावा केल्या. ओव्हल येथील अखेरच्या सामन्यात ६ धावांत ५ गडी बाद झाले होते. तेथेही हजारे यांनी ३८ धावा काढून संघाचा डाव ९८ पर्यंत नेला. मालिकेत त्यांच्या ३३३ धावा ५५·५० च्या सरासरीने झाल्या. वेगवान गोलंदाजीसमोर बाकीचे फलंदाज मागे सरकत असताना एकटे कर्णधारच चेंडूच्या रेषेत उभे राहत असल्याचे चित्र त्या दौऱ्याने मागे ठेवले.

परतल्यावर पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्या मालिकेत कर्णधारपद पुन्हा अमरनाथ यांच्याकडे गेले. हजारे यांनी दिल्लीस ७६ व मुंबईस नाबाद १४६ धावा केल्या. मुंबईचा सामना भारताने दहा गड्यांनी जिंकला. हजारे यांच्या सात कसोटी शतकांपैकी विजयात परिणत झालेले हे एकमेव शतक होय. बाकीच्यांपैकी दोन पराभूत सामन्यांत व चार अनिर्णित सामन्यांत झाली. नंतर १९५३ च्या प्रारंभी भारताचा संघ प्रथमच वेस्ट इंडीजला गेला. नेतृत्व पुन्हा हजारे यांच्याकडे आले. सुभाष गुप्ते यांची फिरकी, उम्रीगर व माधव आपटे यांची फलंदाजी आणि तरुण खेळाडूंचे चपळ क्षेत्ररक्षण यांमुळे हा संघ तेथे लोकप्रिय झाला. त्याने पाचपैकी एकच सामना गमावला. स्वतः हजारे यांना मात्र पाच सामन्यांत १९४ धावाच करता आल्या. वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्यांची कसोटी कारकीर्द संपली.

कर्णधारपदाचा त्यांच्या फलंदाजीवर प्रतिकूल परिणाम झाला की काय, या प्रश्नावर समकालीनांत बराच वाद झाला. आकडे या शंकेस पुष्टी देतात. कर्णधार म्हणून खेळलेल्या १४ सामन्यांत त्यांची सरासरी ३९·७२, तर इतर १६ सामन्यांत ती ५४·९१ होती. परंतु वेस्ट इंडीजचा दौरा वगळला तर कर्णधार असतानाची सरासरी ५६ च्या वर जाते. तेव्हा घसरणीचे कारण जबाबदारीपेक्षा वय व थकवा हेच अधिक संभवते. नेतृत्वगुणांच्या बाबतीत मात्र ते मध्यमच म्हणावे लागतील. ते मितभाषी, संकोची व सौम्य होते. गटबाजीने पोखरलेल्या त्या काळच्या क्रिकेटविश्वात संघास धाक वाटेल असा करारीपणा त्यांच्याजवळ नव्हता. चौदा सामन्यांत एक विजय, पाच पराभव व आठ अनिर्णित असा त्यांचा हिशेब आहे.

एकूण ३० कसोटी सामन्यांत त्यांनी ४७·६५ च्या सरासरीने २,१९२ धावा केल्या. ते कसोटीतून बाहेर पडले तेव्हा इतक्या धावा दुसऱ्या कोणाही भारतीयाच्या नावावर नव्हत्या. प्रथम श्रेणीच्या २३८ सामन्यांत त्यांच्या १८,७४० धावा (सरासरी ५८·३८) व ६० शतके आहेत. गोलंदाज म्हणूनही ते उपयुक्त होते. मध्यमगती चेंडू आत वळविण्याची हातोटी त्यांना साधली होती व ५९५ बळी त्यांच्या नावावर जमा आहेत. कसोटीत मात्र त्यांस २० बळींसाठी प्रत्येकी ६१ धावा मोजाव्या लागल्या. कव्हरमधून मारलेला फटका हे त्यांच्या फलंदाजीचे सौंदर्यस्थळ मानले जाई. बाकी खेळ डोळ्यांत भरणारा नव्हता. मुश्ताक अली यांच्यासारखी रंगत त्यांच्याजवळ नव्हती, हे खरे. पण चार गडी शून्यावर बाद झाल्यावर कोणी उतरावे असे विचारले असते, तर त्या पिढीतील जाणकारांनी हजारे यांचेच नाव घेतले असते.

बडोद्याकडून ते पुढेही अनेक वर्षे खेळत राहिले. १९५७–५८ मध्ये बडोद्याने रणजी करंडक पुन्हा जिंकला. १९६० मध्ये भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ हा किताब दिला. त्याच वेळी हा बहुमान जसू पटेल यांनाही मिळाला. क्रिकेटपटूंस मिळालेले हे पहिलेच ‘पद्मश्री’ किताब होत. मंडळाने १९९६ मध्ये कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला. राज्यांच्या संघांतील मर्यादित षटकांच्या स्पर्धेस त्यांचे नाव देण्यात आले. सावकाश व चिवट फलंदाजीबद्दल ओळखल्या जाणाऱ्या खेळाडूचे नाव झटपट धावांच्या स्पर्धेस मिळावे, हा योगायोग मौजेचा आहे. दीर्घ आजारानंतर बडोदे येथे वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.